प्रश्न क्रमांक २८

१९४३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या सरकारने आपल्याच नागरिकांपुढे एक छापील फॉर्म ठेवला. हे नागरिक तेव्हा काटेरी तारांच्या आत होते. जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला, त्यानंतर १९ फेब्रुवारी १९४२ रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी हुकूम काढला आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना घरंदारं, दुकानं, उभी पिकं टाकून ओसाड माळावरच्या छावण्यांत जावं लागलं. त्यातले साधारण दोन तृतीयांश अमेरिकेतच जन्मलेले, म्हणजे कायद्याने पक्के अमेरिकी. असे वर्षभर डांबून ठेवल्यावर सरकारला जाणून घ्यावंसं वाटलं, की यातले निष्ठावान कोण आणि बिननिष्ठेचे कोण.

फॉर्म लांबलचक होता. छंद कोणते, खेळ कोणते, मासिकं कोणती वाचता, धर्म कोणता, जपानी किती येतं, सगळं विचारलं होतं. खरी गोम शेवटच्या दोन प्रश्नांत होती. सत्ताविसावा: सैन्यात भरती होऊन पाठवू तिथे लढायला जाल का? अठ्ठाविसावा: अमेरिकेशी बिनशर्त निष्ठेची शपथ घ्याल का, आणि जपानच्या सम्राटाशी असलेली कोणत्याही प्रकारची निष्ठा सोडाल का?

हा अठ्ठाविसावा प्रश्न सावकाश वाचावा. 'हो' म्हटलं तर कालपर्यंत सम्राटाशी निष्ठा होती अशी कबुली होते. 'नाही' म्हटलं तर शत्रूच. कॅलिफोर्नियात जन्मून बेसबॉल खेळत वाढलेल्या, जपानचं तोंडही न पाहिलेल्या पोराने काय लिहायचं? त्याच्या आईबापांची तर त्याहून पंचाईत. जपानमधून आलेल्या पहिल्या पिढीला अमेरिकेचा कायदा नागरिकत्व देतच नव्हता, १९२२ साली तिथल्या सुप्रीम कोर्टाने तसा निकालच दिला होता. त्यांच्याकडे जपानचं नागरिकत्व तेवढं होतं. तेही सोडून दिलं की ते कुठलेच उरत नव्हते. सरकारच्या हे उशिरा लक्षात आलं आणि त्यांच्यापुरता प्रश्नाचा मजकूर बदलावा लागला, पण तोवर व्हायचा तो गोंधळ झाला होता. छावणीतल्या एकेका खोलीत रात्र रात्र खल चालले. बाप 'नाही' लिहिणार असेल तर त्याला दुसऱ्या छावणीत हलवतील, मग थोरल्याने काय लिहायचं? कित्येकांच्या 'नाही'मागे सम्राट कुठेच नव्हता, घरच्यांची ताटातूट होऊ नये एवढंच होतं. काहींनी लिहिलं, आधी आमचे हक्क परत द्या, मग हो. अशा सशर्त उत्तरांकडेही संशयानेच पाहिलं गेलं.

फॉर्म भरणारे ७५,००० च्या आसपास होते आणि बहुतेकांनी 'हो' लिहिलं. 'नाही' लिहिणाऱ्यांना 'नो-नो बॉईज' हे नाव पडलं आणि त्यांची रवानगी टूली लेकच्या छावणीत झाली. तिथे पहारा आणखी कडक, रणगाडे उभे केलेले. १९४४ साली कायदा करून नागरिकत्व सोडून द्यायची सोय करण्यात आली, तेव्हा ५,५०० हून अधिक अमेरिकी नागरिकांनी ते सोडलं, त्यातले बहुतेक याच छावणीतले. पुढे त्यातल्या बहुतेकांना ते परत हवं होतं. सॅन फ्रान्सिस्कोचे वकील वेन कॉलिन्स त्यासाठी वीसेक वर्षं कोर्टात झगडत राहिले.

एवढं वाचून कुणी म्हणेल, की पाहा, निघालेच ना पाच हजार बिननिष्ठेचे! म्हणून हवाईत काय झालं ते सांगायला हवं. या सगळ्या प्रकरणातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग तोच आहे.

बाँब पडले होते ते हवाईतच. पर्ल हार्बर तिथेच आहे. शिवाय तिथल्या लोकसंख्येत एक तृतीयांशाहून अधिक लोक जपानी वंशाचे होते. संशय घ्यायचाच तर आधी तिथे घ्यायला हवा होता. पण तिथे एवढी माणसं कोंडली असती तर गोदी, उसाचे मळे, अननसाचे कारखाने, सगळं एका दिवसात बंद पडलं असतं. लष्करी गव्हर्नर जनरल एमन्स यांनी वॉशिंग्टनचा आग्रह टोलवत नेला. दोन हजारांच्या आसपास माणसं पकडली गेली, बाकीची आपापल्या घरी राहिली. लष्करी कायदा होता, संचारबंदी होती, पण ती सगळ्यांना होती.

मग १९४३ च्या सुरुवातीला जपानी वंशाच्या तरुणांची वेगळी पलटण उभारायचं ठरलं. हवाईकडून १,५०० स्वयंसेवक मागितले होते, नावं नोंदवायला जवळजवळ १०,००० आले. मुख्य भूमीवरच्या छावण्यांतून ३,००० येतील असा अंदाज होता, तिथून जेमतेम १,२०० आले. दोन्हीकडचे वाडवडील मुख्यतः हिरोशिमा, यामागुची अशाच भागांतून आलेले. दोन्हीकडे तीच देवळं, तेच सण, घरात तीच भाषा. हवाईतून गेलेल्यांत डॅनियल इनूये हा तरुण होता. इटलीत लढताना त्याने उजवा हात गमावला आणि पुढे तो जवळपास पन्नास वर्षं अमेरिकेच्या सिनेटमध्ये बसला. छावणीतून पुढे आलेले बाराशे मला कमी वाटत नाहीत, उलट थक्क करतात. आईबाप तारांच्या आत आणि मुलगा त्याच सरकारचा गणवेश घालून बाहेर! पण 'जपानीपण' ही वस्तू जर माणसाची निष्ठा ठरवत असती तर हे दोन आकडे एकमेकांच्या जवळपास तरी असायला हवे होते. त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक पडला तो सरकारच्या वागण्यामुळे. हवाईत काही स्वर्ग नव्हता. मळ्यांवर वंशानुसार मजुरी ठरायची, गोरा मुकादम डोक्यावर असायचा. पण तिथे कुणी प्रश्न क्रमांक २८ विचारून, त्याचं उत्तर येईपर्यंत तारांच्या आत बसवून ठेवलं नव्हतं.

दोन संस्कृतींत वाढलेल्या माणसाच्या एका ओळखीवर बोट ठेवलं की तो कसा वागतो, हा प्रश्न मानसशास्त्रज्ञांनी पुढे प्रयोगशाळेत नेला. यिंग-यी हाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेले प्रयोग बरेच गाजले. हाँगकाँगचे विद्यार्थी, घरात चिनी वळण, शिक्षण इंग्रजी. काहींना आधी अमेरिकी झेंडा, सुपरमॅन अशी चित्रं दाखवली, काहींना ड्रॅगन, चीनची भिंत. मग सगळ्यांपुढे एकच चित्र ठेवलं, माशांचा घोळका आणि त्याच्यापुढे एकटा मासा. हा पुढे का गेला असेल? सुपरमॅन पाहून आलेल्यांचा कल 'आपल्या मनाने पुढे निघालाय' असं म्हणण्याकडे झुकला. ड्रॅगन पाहून आलेल्यांचा कल 'बाकीच्यांमुळे पुढे झालाय' याकडे. डोकं तेच, समोर जे चित्र आलं त्याप्रमाणे चष्मा बदलला.

दोन वर्षांनी वेरोनिका बेनेट-मार्टिनेझ आणि त्यांच्या गटाने यात मेख मारली. अमेरिकेतल्या चिनी वंशाच्या लोकांत त्यांना दोन तऱ्हा दिसल्या. ज्यांना आपल्या दोन्ही ओळखी एकमेकींत मुरलेल्या वाटतात, ती माणसं अपेक्षेप्रमाणे वागली, अमेरिकी चित्र पाहिलं की अमेरिकी वळण, चिनी पाहिलं की चिनी. ज्यांना मात्र या दोन ओळखींचं आतल्या आत भांडण आहे असं वाटतं, ती उलटी वागली. अमेरिकी चित्र पाहिलं की चिनी विचार उसळी मारून वर आला, चिनी पाहिलं की अमेरिकी. हे भांडण येतं कुठून, याचाही त्यांनी पुढे शोध घेतला, तेव्हा त्याचा संबंध भेदभावाच्या अनुभवाशी आणि भोवतालच्या लोकांशी ताणल्या गेलेल्या नात्यांशी लागला.

इथे थोडं सावध व्हायला हवं. चित्र दाखवा आणि वागणं बदलतं का पाहा, या छापाच्या प्रयोगांना गेल्या दहा-पंधरा वर्षांत वाईट दिवस आलेत. काही गाजलेले प्रयोग पुन्हा करून पाहिले तेव्हा पहिल्यासारखा निकाल आलाच नाही. म्हणून त्या माशावर मी फार मोठा भार टाकणार नाही. पण प्रयोगशाळेतला तो उलटा झटका आणि टूली लेकमधला उलटा झटका यांची चाल एकच आहे, आणि टूली लेक कुणी प्रयोगासाठी रचलेलं नव्हतं.

आणखी एक अभ्यास मला फार बोलका वाटतो, कारण तो रोजच्या जगण्यातला आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामात आशियाई वंशाच्या अमेरिकी विद्यार्थ्यांना आवडता पदार्थ लिहायला सांगितलं. काहींना त्याआधी एकच गोष्ट विचारली, 'तुम्हाला इंग्रजी येतं का?' एवढंच, तेही सभ्यपणे. ज्यांना हा प्रश्न केला नव्हता त्यांच्यापैकी पाव लोकांनी अमेरिकी पदार्थ लिहिला. ज्यांना केला त्यांच्यापैकी पाऊण. तिथेच जन्मलेल्या मुलीला 'इंग्रजी येतं का' विचारलं की तिची बिर्याणी मागे पडते आणि बर्गर पुढे येतो. ती खोटं बोलत असते असं नाही. तिने स्वतःला पटकन आवरून, पदर सारखा करून घेतलेला असतो.

म्हणजे टोचलेला माणूस दोनपैकी कुठल्याही बाजूला जाऊ शकतो. कुणी अंगावर झेंडा गुंडाळून घेतो, कुणी तो काढून फेकतो. दोन्हीमधून त्याच्या निष्ठेबद्दल काहीच कळत नाही. कळतं ते एवढंच, की त्याला टोचलंय. माझं म्हणणं यापुढचं आहे. सरकारं, पक्ष, नातेवाईक जेव्हा कुणाला 'तू नक्की कोण?' असं विचारतात, तेव्हा आपण आधीपासून असलेली गोष्ट तपासतोय असा त्यांचा समज असतो. प्रत्यक्षात ते ती गोष्ट घडवत असतात, आणि मग आपणच घडवलेल्या उत्तराचा पुरावा म्हणून वापर करतात.

ब्रिटनमधले हुजूर पक्षाचे खासदार नॉर्मन टेबिट यांनी १९९० साली याची सोपी आवृत्ती काढली. आशियातून आलेले लोक क्रिकेटच्या सामन्यात कुणाच्या बाजूने ओरडतात ते बघा, म्हणजे कळेल. आपल्याला हे लगेच कळतं, कारण आपल्याकडे हीच परीक्षा वेगळ्या लोकांची सतत घेतली जाते. गंमत अशी, की या परीक्षेच्या बाजूने मद्रासमध्ये जन्मलेला माणूसही बोलला. नासिर हुसेन इंग्लंडचा कप्तान असताना २००१ साली त्याने, ब्रिटनमध्ये जन्मलेली आशियाई पोरं इंग्लंडला पाठिंबा का देत नाहीत ते आपल्याला कळत नाही, अशी नाराजी बोलून दाखवली होती. त्याच्या जागेवरून ते बरोबरही असेल. मला मात्र या विषयावर बोलायचं तर नागपूर आठवतं. मार्च २००६, जुनं व्हीसीए मैदान. ल्यूटनमध्ये जन्मलेला शीख घरातला माँटी पनेसर पहिली कसोटी खेळत होता आणि त्याची पहिली विकेट सचिन तेंडुलकरची. विकेट मिळाल्यावर त्याने मैदानभर जे काही नाचून घेतलं ते अनेकांना आठवत असेल. आणि नंतर त्याच चेंडूवर त्याने सचिनची सही घेतली. टेबिटसाहेबांच्या तक्त्यात या माणसाची नोंद कुठल्या रकान्यात करायची? इंग्लंडसाठी सचिनला बाद करणं आणि सचिनचा भक्त असणं यांत त्याला काही अडचण आली नाही, कारण तेव्हा त्याला कुणी 'दोघांपैकी एक सांग' म्हटलं नव्हतं.

आपल्या कोकणातून गेलेल्यांवरही हा प्रसंग येऊन गेला आहे, आणि महाराष्ट्रात तो फारसा कुणाला ठाऊक नाही. बेने इस्रायली म्हणजे कोकणातले ज्यू. नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटलं, त्यातून वाचलेल्या सात जोडप्यांचा वंश, अशी त्यांची परंपरा सांगते. रायगड जिल्ह्यातल्या गावोगाव ते तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. आडनावं गावावरून, पेणकर, दिवेकर, किहीमकर. घरात मराठी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी अब्राहाम-मोशेच्या कथांवर चक्क मराठी कीर्तनं रचली, बुवांच्या थाटात. नवस फेडायचा तर मलिदा, म्हणजे गोड पोहे, त्यात खोबरं, भोवती फळं मांडलेली, आणि एलियाहू पैगंबराची आळवणी. शेजारच्या आगऱ्याला किंवा कोळ्याला त्यांचा देव वेगळा आहे हे माहीत होतं आणि त्याची त्याला काही पडलेली नव्हती. मराठीपण आणि यहुदीपण एकमेकांच्या आड येतात हे त्यांना शेकडो वर्षांत कुणी सुचवलंच नाही. गावगाड्यात त्यांची एक जात करून टाकली होती, हेही त्यामागे आहे. ते काही आदर्श राज्य नव्हतं, पण निष्ठेचा फॉर्म नव्हता.

१९४८ नंतर ते मोठ्या संख्येने इस्रायलला जाऊ लागले. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीलाच काही शे जणांनी, इथे आम्हाला रंगावरून कमी लेखतात, आम्हाला भारतात परत पाठवा, म्हणून धरणं धरलं आणि त्यांना परत पाठवावं लागलं. त्यातले बहुतेक काही वर्षांनी पुन्हा इस्रायललाच गेले. याला कुणी धरसोड म्हणेल. मला ती दोन्ही दारं वाजवून बघणारी माणसं वाटतात. मग १९६२ साली तिथल्या मुख्य रब्बी मंडळाने, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या मंडळाने, सूचना काढली: बेने इस्रायली वर किंवा वधू बाहेरच्या ज्यू घरात लग्न करणार असेल, तर तिचं किंवा त्याचं मातृकुळ जाईल तितकं मागे जाऊन तपासा. नाव घेऊन, फक्त याच जमातीसाठी. अलिबागच्या आजीची आजी ज्यू होती याचा कागद इस्रायलमधल्या लोदच्या किंवा दिमोनाच्या कारकुनापुढे कुणी कुठून आणायचा?

या वेळी ते परतीच्या वाटेला लागले नाहीत. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेमला येऊन बायकामुलांसह ठाण मांडून बसले. ऑगस्टमध्ये पार्लमेंटला ठराव करावा लागला, की बेने इस्रायली हे सर्वार्थाने ज्यू आहेत, आणि रब्बी मंडळाला त्या सूचनेतून त्यांचं नाव काढावं लागलं. भारतात आम्ही ज्यू होतो, इथे आल्यावर इंडियन झालो, अशी त्या पिढीची तक्रार होती. आता त्यांची नातवंडं हिब्रू बोलतात, सैन्यात जातात आणि घरात मंगल कार्य असलं की मलिदा करतात. 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक तिथे निघत आलं आहे. त्यांच्या मराठीपणाचा कुणाला धाक वाटेनासा झाला तेव्हा ते लपवायचं किंवा मिरवायचं कारणही उरलं नाही.

आता जरा घरात बघू. अमेरिकेतून सुट्टीला आलेल्या भाचीला पहिल्याच दिवशी चहाबरोबर जो प्रश्न मिळतो तो असा: 'तुला इंडिया आवडतं की अमेरिका?' पोरगी बारा वर्षांची. तिने 'दोन्ही' म्हटलं की मावशी म्हणते, 'असं नाही, एक सांग.' ती हळूच आईकडे बघते. आईचं लक्ष नसल्याचं नाटक. मग ती 'इंडिया' म्हणते, सगळे हसतात, आत्या तिच्या हातावर लाडू ठेवते, आणि पुढचे तीन आठवडे ती मराठीत एक वाक्य बोलत नाही. बोलली तर 'अय्या, किती गोड उच्चार!' ऐकावं लागतं. तिकडे मराठी मंडळाच्या गणपतीत, शाळेच्या भाड्याने घेतलेल्या हॉलमध्ये, फोनवर रोमन अक्षरांत उतरवलेली आरती वाचून म्हणणाऱ्या मुलाचं तसंच होतं. तो म्हणतोय हे कुणी बघत नाही, 'लोटांगण'चा उच्चार त्याने काय केला ते बघतात. पुढे तो कॉलेजात गेल्यावर येईनासा होतो आणि मग 'तिकडची मुलं ना, त्यांना काही ओढच नसते' असा निकाल देऊन आपण मोकळे. काही जण उलट टोकाला जातात, तिशीत आल्यावर अचानक इथल्यापेक्षा कडवे होतात. आपल्याला तेही कळत नाही, आपण फक्त टाळ्या वाजवतो.

आणि मुंबई. हे लिहिताना मला तीच डोळ्यांसमोर आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. मीरा रोडला मराठीच्या प्रश्नावरून एका दुकानदाराला मारहाण झाली, तिचा व्हिडिओ जुलै २०२५ मध्ये देशभर फिरला. त्याच्या आधी पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय, त्यावरचा गदारोळ आणि जूनअखेर सरकारची माघार, असा सगळा तापलेला काळ होता. मराठी माणसाची तक्रार खोटी आहे असं मी मुळीच म्हणणार नाही. ज्या शहरासाठी १०० हून अधिक माणसांनी गोळ्या झेलल्या, तिथल्या सोसायटीत 'मराठी को घर नहीं देंगे' ऐकावं लागतं, बँकेतला साहेब मराठीत विचारलं की खांदे उडवतो. हा राग कल्पनेतला नाही.

पण त्या महिन्यात आमच्या नाक्यावरच्या भाजीवाल्याचं काय झालं ते मी रोज पाहत होते. माणूस जौनपूरचा, इथे येऊन बरीच वर्षं झालेली, मुलं इथलीच. त्याची मराठी म्हणजे त्याने स्वतः गोळा केलेला ऐवज होता. 'ताई, मेथी घ्या, एकदम कवळी आहे, उद्या येईल ती अशी नाय येणार.' लिंगाचा घोळ, 'ळ'चा 'ल', पण घासाघीस पूर्ण मराठीत. आता गिऱ्हाईक आलं की तो आधी चेहरा बघायचा. माझ्याशी नीट बोलायचा, अनोळखी मराठी माणूस आला की नुसता भाव सांगून गप्प. हिंदीत बोलावं तर भीती, मराठीत बोलून चुकावं तर कुणाच्या तरी मोबाइलची भीती. दहावीतल्या त्याच्या मुलाने मात्र नेमकं उलट केलं. मराठी चांगली येत असून त्याने दुकानावर ठरवून हिंदीच बोलायला सुरुवात केली. बाप त्याला दटावायचा. एकाच घरात, एकाच व्हिडिओची, दोन उत्तरं. यातला मराठीद्वेष्टा कोण? माझ्या मते कुणीच नाही, पण आणखी दोन-चार वर्षं असंच चाललं तर मुलगा होईल.

यावर पहिला आक्षेप येतो तो देशाच्या सुरक्षेचा. युद्धात कुणावर तरी विश्वास ठेवायचा की नाही हे सरकारने ठरवू नये का? जरूर ठरवावं, माणसाच्या करणीवरून. अमेरिकेच्या सरकारने नेमलेल्या आयोगाने चाळीस वर्षांनी सगळे कागद तपासले आणि त्या छावण्यांची कारणं वंशद्वेष, युद्धज्वर आणि राजकीय नेतृत्वाचं अपयश अशी नोंदवली. १९८८ साली कायदा करून माफी मागितली गेली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर दिले गेले. तोवर पहिल्या पिढीतले बहुतेक गेले होते.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. भाषा टिकवायची तर आग्रह धरावाच लागतो, गोड बोलून कुणी शिकत नाही. हे मला मान्य आहे, आणि म्हणूनच दोन गोष्टींची गल्लत मला खटकते. बँकेच्या काउंटरवर मराठीत सेवा मागणं हा हक्क आहे. दुकानाची पाटी मराठीत, ठळक आणि इतर लिपीइतक्याच मोठ्या अक्षरांत असावी हा राज्याचा कायदा आहे आणि तो पाळलाच गेला पाहिजे. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत, कुठल्याही बोर्डाच्या असोत, मराठी सक्तीची आहे, तीही नीट शिकवली गेली पाहिजे. या तिन्ही मागण्या माणसाने काय करावं याबद्दल आहेत आणि सगळ्यांना सारख्या लागू आहेत. 'बोल, महाराष्ट्रात राहायचंय ना?' ही मागणी तू कोण आहेस याबद्दल आहे आणि ती चेहरा, आडनाव, हातगाडी पाहून केली जाते. आलिशान टॉवरमधल्या कंपनी-मालकाला ती कुणी करताना मला दिसलेलं नाही.

त्या भाजीवाल्याच्या मुलाला राज्यशासनाने शाळेत मराठी दिली, ती त्याने घेतली. घरची भोजपुरी सोडून दे, असं शाळेने त्याला सांगितलं नाही, म्हणून घेतली. त्याच्या बापासाठी काय आहे? पालिकेच्या शाळा संध्याकाळी रिकाम्या असतात. तिथे दुकानदार, रिक्षावाले, सुरक्षारक्षक यांच्यासाठी फुकट मराठी वर्ग भरवायला फार पैसा लागत नाही. मराठीसाठी रस्त्यावर उतरणाऱ्या प्रत्येक संघटनेने आपल्या वॉर्डात असे दोन वर्ग चालवून दाखवावेत आणि मग माझ्याकडे वर्गणी मागायला यावं. आणि वीस वर्षं इथे पगार घेऊनही मराठीला हात न लावणारे साहेब लोक उरतीलच. त्यांच्यासाठी सेवानियमांत मराठीची परीक्षा घालावी, मुदत द्यावी, आणि नापास झाले तर पगारवाढ रोखावी.